जिवती कागदावर कशी आली

आषाढी अमावास्येला मराठी घरांत दिवे घासूनपुसून पाटावर मांडतात, आणि जिथे जिवतीची चाल आहे तिथे त्याच दिवशी भिंतीवर जिवतीचा कागद लागतो. सुरतेत ही अमावास्या दिवासो म्हणून ओळखतात. गुजराती घरांतल्या नव्या सुना त्या रात्री एवरत-जीवरत मातेच्या व्रताचं जागरण करतात. तापीकाठच्या या एकाच शहरात, एकाच तिथीला, दोन भाषांतल्या बायका जीव राखणाऱ्या देवीला घरी बोलावतात. गुजराती व्रत नवऱ्याच्या आयुष्यासाठी असतं आणि मराठी जिवती लेकरांसाठी.

जिवतीच्या कागदावर चार चित्रं असतात. वर एका बाजूला हिरण्यकशिपूला मांडीवर घेतलेला नरसिंह आणि दुसऱ्या बाजूला कालियाच्या फण्यावर उभा कृष्ण. मधल्या पट्ट्यात जरा आणि जिवंतिका. त्यांच्या मांडीवर, कडेवर, पाळण्यात, पायाशी मुलंच मुलं. खाली हत्तीवर बसलेला बुध आणि वाघावर बसलेला बृहस्पती. ही चौकट उगाच जुळवलेली नाही. नरसिंह प्रल्हादासाठी खांबातून आला, म्हणजे बापाच्या रागापासून पोराला वाचवणारा देव. यमुनेकाठी खेळणाऱ्या पोरांना कालियाच्या विषापासून वाचवलं ते कृष्णाने. जिवती ताप, पटकी आणि बाळंतघरातल्या अपमृत्यूपासून राखते. बुध-बृहस्पती वाढत्या पोराच्या बुद्धीची आणि घरातल्या अन्नधान्याची काळजी घेतात. श्रावणातल्या शनिवारी नरसिंहाची पूजा, नागपंचमीला कालियाची, शुक्रवारी जिवतीची, बुधवार-गुरुवारी खालच्या जोडीची. एका कागदावर अख्ख्या महिन्याचं वेळापत्रक आहे. आघाडा आणि दूर्वांची माळ, कापसाचं गेजवस्त्र, पुरणाच्या दिव्यांची आरती, दूध-साखर, चणे-फुटाणे. मग लेकरांचं औक्षण. मूल गावात नसेल तर आई चारी दिशांना अक्षता टाकते. ते जिथे असेल तिथे त्या पोचतात, असं शुक्रवारच्या कहाणीने तिला सांगितलेलं असतं.

या कागदाचा सर्वांत जवळचा नातेवाईक शोधायचा तर मला आधी चीनकडे पाहावं लागतं. तिथे नव्या वर्षाच्या तोंडावर घरोघर लाकडी ठशांनी छापलेली देवादिकांची चित्रं लावायची चाल शेकडो वर्षं चालत आली. थ्येनचिनजवळचं यांगलिउछिंग, सूचौमधलं थाओह्वावू, काइफंगजवळचं चूश्येनचन, सिच्वानमधलं म्येनचू ही त्या चित्रांची नावाजलेली ठिकाणं. घरातली प्रत्येक जागा तिथे एकेका देवाच्या हवाली केलेली असते. दाराच्या दोन फळ्यांवर छिन छ्युंग आणि युछी कुंग हे दोन सशस्त्र सेनापती. थांग घराण्याचा सम्राट थायचुंग याला रात्री भुतं छळू लागली तेव्हा हे दोघे त्याच्या दाराशी पहारा द्यायला उभे राहिले. त्यांना रोजचं जागरण पडू नये म्हणून राजाने दारावर त्यांची चित्रं काढवली, अशी कथा आहे. चुलीपाशी चूलदेव. तो वर्षभर घरातलं सगळं पाहतो आणि बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या तिथीला स्वर्गात जाऊन वृत्तांत देतो. म्हणून त्या दिवशी त्याच्या चित्राच्या ओठांना गोड चिकट मिठाई लावतात, मग तो कागद जाळून त्याला निरोप देतात आणि वर्षअखेरीच्या रात्री नवा चिकटवतात. धान्याच्या कोठीला, गोठ्याला, तबेल्यालाही वेगळे कागद.

मुलांचा राखणदारसुद्धा आहे. चांग श्येन हा देव धनुष्य ताणून आकाशातल्या कुत्र्यावर नेम धरतो. हा कुत्रा धुराड्यातून घरात उतरून लहान मुलांना खातो, असा समज; त्यामुळे चांग श्येनचा कागद धुराड्याजवळ लागतो आणि त्यात देवाच्या पायाशी पोरं गोळा झालेली दिसतात. जिवतीच्या भोवतीची पोरं आठवा. मध्ये हिमालय आहे, भाषा वेगळ्या आहेत, देव वेगळे आहेत. पण रोगराईत निम्मी मुलं हाताला लागतील की नाही याची खात्री नसलेल्या आयांनी दोन्हीकडे भिंतीवर तेच मागणं लावून ठेवलं.

चीनमधली ही परंपरा किती जुनी, याचे पुरावे हाताला लागतात. तुनह्वांगच्या गुहेत ऑरेल स्टाईन यांना १९०७ साली मिळालेलं वज्रच्छेदिका सूत्राचं भेंडोळं इ. स. ८६८ मध्ये छापलेलं आहे. त्याच्या आरंभी सुभूतीला उपदेश करणाऱ्या बुद्धाचं ठशाने छापलेलं चित्र आहे, आणि वांग च्येह नावाच्या माणसाने आईवडिलांच्या पुण्यासाठी ते फुकट वाटायला छापून घेतलं, असं त्यावरच नोंदलेलं आहे. त्याच गुहेतून ८७७ सालचं छापील पंचांगही आलं. पुढे १९०९ साली कोझलोव्ह या रशियन प्रवाशाला खाराखोतोच्या ओसाड शहरात दोन मोठी छापील चित्रं सापडली: एकात चार रूपवती स्त्रिया, दुसऱ्यात वीरदेव क्वान यू. भिंतीवर लावायच्या चित्रांचे हे जुने पूर्वज बाराव्या-तेराव्या शतकातले मानतात. म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वर होते त्याच्या आगेमागे तिकडे देव कागदावर छापून विकत होते.

आणि सुरत? सुरत तर ठशांच्या मुलखातलं बंदर. गुजरातचं ठशांचं कापड मध्ययुगातच इजिप्तला पोचलेलं होतं. कैरोजवळच्या फुस्तातला त्याचे शेकडो तुकडे सापडले आहेत. छिपा, खत्री आणि भावसार यांच्या हातांत ही विद्या होती. (भावसार मंडळी महाराष्ट्रातही आहेत, आपल्याकडचे पुष्कळसे रंगारी त्यांच्यातलेच.) पेथापूरचे कारागीर सागवानी ठसे इतके बारीक कोरत की एकोणिसाव्या शतकात सियामला जाणारं नक्षीचं कापडही गुजरातेत छापलं जाई. चीनशी ओळखही जुनी. चिनी रेशीम, चिनीमातीची भांडी, साखर सुरतेत उतरत होती. पारशी व्यापाऱ्यांनी चीनहून आणलेलं गारा साड्यांवरचं भरतकाम आणि तनछोईचं विणकाम पुढे सुरतेचंच होऊन गेलं. चिनी चित्रकारांनी काचेच्या उलट बाजूने रंगवलेल्या तसबिरीही पश्चिम भारतातल्या वाड्यांत पोचल्या. रेशीम आलं, काच आली. कागदावर देव छापायची कल्पना मात्र इथे उतरली नाही.

याचं एक कारण कारागिरीत आहे. ठसा हातात असला म्हणून कागद छापता येतोच असं नाही. सुरतेचा छिपा ठशाने रंग लावतच नसे. तो लावी तुरटीचं किंवा लोखंडाच्या गंजाचं डिंक घालून दाट केलेलं पाणी. खरा रंग उमटायचा तो नंतर, कापड मंजिष्ठेच्या कढईत उकळल्यावर: तुरटी लागलेली जागा तांबडी, लोखंड लागलेली काळी. कागद कढईत घालता येत नाही. शिवाय छिपा ठसा उचलून कापडावर मारतो, तर चिनी छापणारा ठसा जागेवर स्थिर ठेवतो, त्यावर कुंचल्याने काजळीची शाई फिरवतो, वर पातळ कागद अंथरतो आणि पाठीमागून ताडाच्या काथ्याच्या कुंच्याने घासतो. त्याला शोषून घेणारा मऊ कागद लागतो. आपला अहमदाबादी, दौलताबादी किंवा जुन्नरी कागद बोरूसाठी घडवलेला. त्याला खळ देऊन अकीकाने घोटून घोटून चकाकी आणलेली. बोरू त्यावर सुरेख पळतो. पाण्यातली शाई घासून उमटवायला तो कागद नाखूश असतो.

पण केवळ कागदामुळे अडलं, हे मला पटत नाही. चीनला जाऊन तनछोई शिकून येणाऱ्या मुलखाला मऊ कागद करणं अवघड नव्हतं. कुणाला हवंच नसेल तर कोण करील? आणि तरीही सुरतेत एका माणसाला छापलेला कागद फार हवा होता.

शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली ते १६७० साल. त्याच सुमाराला इंग्रज कंपनीचा सुरतेतला दलाल भीमजी पारेख याने कंपनीकडे एक विनंती केली: आम्हाला एक चांगला मुद्रक पाठवा, आमच्या ब्राह्मणांच्या जुन्या पोथ्या मला छापून घ्यायच्या आहेत. कंपनीचं पश्चिम भारतातलं मुख्य ठाणं तेव्हा सुरत होतं. १६७४ मध्ये लंडनहून हेन्री हिल्स नावाचा मुद्रक यंत्र, खिळे आणि कागद घेऊन मुंबईसाठी निघाला; पगार सालीना पन्नास पौंड. आल्यावर कळलं की त्याला छापता येतं, पण इथल्या लिपीचे खिळे पाडता येत नाहीत. भीमजी हात बांधून बसला नाही. त्याने आपलीच माणसं कामाला लावली, आणि १६७७ च्या आरंभी सुरतच्या इंग्रजांनी विलायतेला कळवलं की भीमजीच्या माणसांनी बनिया अक्षरांत छापलेले काही कागद आम्ही पाहिले. ते चांगले, वाचता येण्याजोगे आहेत, काम होण्यासारखं आहे. अ. का. प्रियोळकरांनी ही सगळी हकीकत मुद्रणाच्या इतिहासात नीट मांडली आहे. पुढे ते काम थंडावलं. त्या कागदांपैकी एकही आज आपल्या हाती नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते. भीमजीचं नाव सुरतेच्या एखाद्या चौकाला असावं इतकं त्याचं धाडस मोठं आहे.

भीमजीला पोथी हवी होती. देवाचं चित्र हवं, अशी मागणी त्याने केली नव्हती. माझ्या मते या कुळकथेचं मर्म इथे आहे. पोथीच्या बाबतीत आपल्याकडे नकलून घेण्यात पुण्य होतं. सुरतेच्या जैन भांडारांत लहियांकडून ग्रंथ लिहवून दान देणं हा मोठा धर्म होता. चीनच्या वांग च्येहला जे पुण्य छापून मिळालं, ते इथे लिहवून मिळत होतं. आणि देवीचं चित्र? ते तर घरच्या बाईच्या बोटांत होतं.

सभापर्वात जरासंधाच्या जन्माची गोष्ट आहे. मगधाच्या बृहद्रथाच्या दोन राण्यांना मुलाचं अर्धं अर्धं शरीर झालं, ते टाकून दिलं, आणि जरा नावाच्या राक्षसीने ती शकलं उचलून जोडली तसा तो जिवंत झाला. नंतर ती राजासमोर येऊन स्वतःची ओळख सांगते: मी घराघरात राहणारी गृहदेवी, जो कोणी मला तरुण रूपात, मुलाबाळांसह, भिंतीवर भक्तीने रेखील त्याच्या घराची भरभराट होईल. जिवतीच्या कागदाचा मूळ पुरुष शोधायचा तर हा मजकूर आहे. मुलांनी वेढलेली तरुण स्त्री, आणि जागा भिंतीची. कागद येण्यापूर्वी कैक शतकं चित्राचा आराखडा ठरलेला होता.

बुध-बृहस्पतीच्या कहाणीतही हेच. राजाची धाकटी सून गरिबीतून कशी सुटली, तर तिने भिंतीवर दोन बाहुल्या काढून पूजा केली म्हणून. संपत्ती हवी तर त्या पेटीवर काढाव्यात, धान्य हवं तर कोठीवर, असं कहाणी बारकाईने सांगते. चीनमध्ये दाराला वेगळा देव आणि कोठीला वेगळा, तशीच ही वाटणी. फरक इतकाच की तिकडे चित्र बाजारातून येई आणि इकडे ते गंधाने, हळदीने घरातलीच बाई काढी. नागपंचमीचे नाग असेच भिंतीवर, पाटावर उतरत. गुजरातेतही पाणियाऱ्याच्या, म्हणजे पाण्याचे माठ ठेवायच्या जागेच्या, भिंतीवर नाग काढतात. रेखणं हाच पूजेचा पहिला भाग होता. जिच्या हाताला रेघ येते तिने देवी विकत का आणावी?

जिथे भिंत नव्हती, तिथे मात्र गुजरातेत ठसा देवीच्या कामाला आला, आणि हे विसरता कामा नये. अहमदाबादेत साबरमतीच्या काठी देवीपूजक समाजाचे कारागीर कापडावर मातेचं देऊळच छापतात आणि रंगवतात. ती मातानी पछेडी. देवळात प्रवेश नव्हता म्हणून कापडाचं देऊळ उभारलं, असं ते सांगतात. काळा रंग लोखंडाचा गंज आणि गुळाच्या आंबवणीतून, तांबडा तुरटीतून. मधोमध देवी, भोवती भक्त, वाजंत्री, पशू. कागदाच्या चिनी देवांना भारतातला सर्वांत जवळचा जवाब हाच, आणि तो सुरतेपासून काही तासांच्या वाटेवर आहे.

मग कागद आला कसा? आधी पंचांगातून. भीमजीचं राहिलेलं काम पुरं करणारा माणूस सुरतेतच जन्मला. फर्दुनजी मर्झबान, जन्म १७८७. पुस्तकबांधणीचा धंदा करायला मुंबईत गेला, १८१२ मध्ये छापखाना काढला, गुजराती खिळे पाडले आणि १८१४ मध्ये गुजराती पंचांग छापलं. 'मुंबई समाचार' त्याने १८२२ मध्ये सुरू केला, तो नंतर. चीनमध्येही जुन्या छापील वस्तूंत पंचांग आहे, हा योगायोग नव्हे. ज्याची दर वर्षी नवी प्रत लागते आणि जे प्रत्येक घराला लागतं, ते छापणाऱ्याचं पोट भरतं.

मराठी मुलखात याआधी मिरजेला एक अचाट प्रयोग झाला होता. नाना फडणीसांच्या काळात पुण्यात इंग्रज वकील मॅलेट याच्या कारागिरांकडे तांब्यावरचं कोरीव काम शिकलेल्या तांबटाने पुढे पटवर्धनांच्या आश्रयाने अख्खी गीता तांब्याच्या पत्र्यांवर उलटी कोरली आणि १८०५ मध्ये ती छापली. खिळे नाहीत, पानच्या पान एकसंध कोरायचं. चिनी ठशाच्या इतक्या जवळ मराठी मुद्रण पुन्हा कधी गेलं नाही. पण ती गीता राजाश्रयाची होती, बाजारात तिला जागा नव्हती.

बाजार बदलला तो शिळाप्रेसने. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने लिहा किंवा चित्र काढा, दगड ओला करा, शाई फिरवा. पाणी शाईला झिडकारतं आणि रेघ तेवढी उमटते. खिळे पाडायला नकोत, लाकूड कोरायला नको. बोरूने लिहिणाऱ्याचं वळण जसंच्या तसं उतरतं. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करता करता हे उचललं, स्वतः दगड आणि शाई तयार केली, मराठी पंचांगं छापली. सुरतेत दुर्गाराम मेहताजींच्या मंडळींनीही १८४२ च्या सुमारास शिळाप्रेस आणला, तो शाळेची आणि ज्ञानाची पुस्तकं काढण्यासाठी. सोवळ्यातल्या लोकांना मात्र छापील कागदाला हात लावायची शंका येई, कारण शाईत चरबी असते. गणपत कृष्णाजींनी तिच्याऐवजी तूप घालून शाई केली. जिवतीच्या इतिहासात मी या तुपाला मोठा मान देईन. देव्हाऱ्याजवळ छापलेला कागद लावायला घराने हो म्हटलं, ते अशा शाईने मन वळवल्यावर.

त्याच काळात कलकत्त्याच्या बटतल्यात लाकडावर कोरलेली कालीची, दुर्गेची चित्रं पैशा-दोन पैशांना विकली जात होती. आपल्याकडे लाकडाचा तो टप्पा फारसा रुजला नाही. आपण दगडावर गेलो. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये चित्रशाळा निघाली आणि तिच्या रंगीत देवदेवता घरोघर गेल्या. बडोद्याला सयाजीरावांनी रवि वर्म्याकडून पुराणातली चित्रं काढून घेतली, आणि १८९४ मध्ये रवि वर्म्याने मुंबईत स्वतःचा छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या लक्ष्मी-सरस्वतींना काचेची चौकट मिळाली आणि त्या कायमच्या भिंतीवर राहिल्या. जिवतीचं तसं झालं नाही. ती साध्या, एका-दोन रंगांतल्या कागदावर, पंचांग आणि कहाण्यांच्या पुस्तकांशेजारी विकली गेली, श्रावणापुरती. कलेच्या इतिहासकारांनी तिच्याकडे पाहिलं नाही याचं मला वाईट वाटतं. रवि वर्म्याच्या देवी युरोपी नाटकातल्या नायिकांसारख्या उभ्या राहतात. जिवतीच्या कागदाने मात्र समोरासमोर बसलेली, मोठ्या डोळ्यांची, सपाट रेघेची देवी सोडली नाही. तिच्यात अजून भिंतीवरच्या गंधाची रेघ दिसते.

घरची रेघ का सुटली, याचं उत्तर मला स्थलांतरात सापडतं. चाळीतल्या खोलीची भिंत आपली नसते. सासू गावी असते, आणि नाग कसा काढायचा हे दाखवायला शेजारी कुणी नसतं. अशा घरात कागद लागतो. सुरतेला हे चांगलं माहीत आहे. मराठ्यांचे पाय या मुलखात पिलाजी गायकवाडांनी १७१९ मध्ये सोनगड घेतल्यापासून आहेत, पण घरंच्या घरं आली ती तापी खोऱ्यातल्या रेल्वेने. १९०० च्या सुमाराला सुरत-भुसावळ मार्ग सुरू झाला आणि नंदुरबार, अमळनेर, जळगाव सुरतेच्या दाराशी आले. पुढे यंत्रमाग वाढले तसे उधना, लिंबायत, पांडेसऱ्यात खानदेशातले लोक वसले. नागपंचमीनंतरच्या रविवारी ते इथे कानबाई बसवतात, रोट करतात आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत तापीवर नेतात. कानबाई नारळाची असते, तिला कागद लागत नाही. पण त्याच गल्ल्यांत, त्याच श्रावणात, देश-कोकणाकडून आलेल्या घरांत जिवती लागते, आणि शेजारच्या आहिराणी बोलणाऱ्या बाईला शुक्रवारची सवाष्ण म्हणून बोलावणं जातं.

चीनमधल्या ठशांनी फार सोसलं. १९६६ नंतरच्या दशकात जुन्या चालीरीती मोडायच्या म्हणून असंख्य ठसे फोडले, जाळले गेले. आज बरीचशी जुनी चित्रं पाहायची तर सेंट पीटर्सबर्गला जावं लागतं, कारण आलेक्सेयेव नावाच्या रशियन पंडिताने १९०७ मध्ये उत्तर चीन हिंडून ती गोळा केली होती. २००६ मध्ये चीनने या कलेला राष्ट्रीय वारशात स्थान दिलं.

आपल्या जिवतीवर कुणी घाला घातला नाही. तिचा धोका वेगळा आहे. हल्ली ती प्लास्टिकच्या आवरणात मिळते, तसबीर होऊन बारा महिने टांगलेली असते, किंवा फोनवर येते आणि त्यावरच फूल वाहिलं जातं. मला ते रुचत नाही. जिवतीचा कागद दर आषाढात नवा आणायचा असतो आणि श्रावण संपला की उतरवायचा असतो. चूलदेवालाही चीनमध्ये दर वर्षी निरोप देऊनच परत बोलावतात. पोर दर वर्षी वाढतं, तशी देवीही दर वर्षी नव्याने बोलवावी लागते. आणि भाड्याच्या घरात मालक भिंतीला खळ लावू देत नसेल, तर कहाणीने आधीच सोय करून ठेवली आहे: पेटीवर लावा, कोठीवर लावा. सुरतेच्या एका खोलीच्या घरांत ती कपाटाच्या दारावर लागते.